हॉलच्या पहिल्या शास्त्रीय सीझनचं पत्रक लिहायचंय, काय लिहू? (कोल्हापूर)

तेराव्या_गल्लीतला:
नमस्कार मंडळी. आमच्या भागात एका ट्रस्टचा हॉल आहे, तीनशेच्या आसपास खुर्च्या, स्टेज ऐसपैस, एसी अलीकडं बसवलेला. आजवर तिथं काय व्हायचं तर रिसेप्शनं, शाळांची गॅदरिंगं, अधनंमधनं कुणाचं तरी व्याख्यान. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली तेव्हापासनं आमच्याकडं कार्यक्रमांसाठी विचारणा वाढली, आणि त्यातनंच विश्वस्तांच्या डोक्यात आलं की नुसता हॉल भाड्यानं देत बसण्यापेक्षा आपणच दिवाळी ते गुढीपाडवा शास्त्रीय संगीताचा सीझन करूया. महिन्याला एक मैफल, सगळ्यांचा मिळून एक पास, आणि ज्याला पास नको त्याला सुटं तिकीट.

कलाकार जवळपास ठरलेत. जयपूर घराण्याच्या एक गायिका, मग सतार, बासरी, ग्वाल्हेर गायकीचा एक तरुण गायक आणि शेवटी नाट्यसंगीत. बोलणी पक्की झाल्याशिवाय नावं इथं टाकत नाही, रागावू नका.

आता माझी अडचण. पत्रक लिहायचं आणि पहिल्या दिवशी स्टेजवर पाच मिनिटं बोलून सीझनची ओळख करून द्यायची हे काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण कमिटीत मी पुस्तकं वाचतो अशी माझी ख्याती आहे. शास्त्रीय मी ऐकतो पण कळतं असं म्हणणार नाही. मसुदा केलाय त्याची सुरुवात अशी:

"कलानगरी करवीरच्या समृद्ध सांगीतिक परंपरेचा वारसा जपत, राजर्षी शाहू महाराजांच्या पावन स्मृतीस वंदन करून, रसिकांसाठी स्वरांची अवीट मेजवानी घेऊन येत आहोत..."

आणि अजून असं दीड पान आहे. बायकोला वाचायला दिलं, ती म्हणाली छान आहे, पण मी येणार नाही.

तर विचारायचं असं की पत्रकात नक्की काय असावं? इतिहास किती घालायचा? कुठला राग होणार हे आधी छापायचं का, कलाकार लोक चिडतात का त्यानं? आणि सगळ्या मैफली शनिवारी संध्याकाळी साडेसहाला ठेवल्यात ते बरोबर आहे का? खरी भीती हॉल रिकामा राहील याची आहे, ती कमिटीत कुणी बोलून दाखवत नाही एवढंच.

रंकाळ्याचा_वारा:
भावा, वहिनी बरोबर बोलल्या. "अवीट मेजवानी" वाचलं की मी पत्रक पालथं घालून पाठीमागं भाजीची यादी लिहितो. हे असलं दीड पान दवाखान्याच्या उद्घाटनालाही चालतंय, फक्त नाव बदलायचं.

मी तुमचा खरा गिऱ्हाईक हाय बघा, म्हणजे शास्त्रीय ऐकत नाही पण ऐकावं असं लय दिवस वाटतंय आणि जायचं धाडस होत नाही. मला काय पाहिजे सांगू? किती वाजता सुरू होणार, खरंच त्याच वेळेला होणार का, किती वाजता संपणार, मध्ये चहाला सोडणार का, लहान पोरगी आणली तर चालंल का, तिनं मध्येच शू म्हटलं तर उठून जायला जमंल अशी खुर्ची कुठली, आणि काही कळलं नाही तर शेजारचे म्हातारे बघत बसणार नाहीत ना माझ्याकडं. एवढं लिहा. वारसाबिरसा राहू दे.

खर्जातला_सा:
तेराव्या गल्लीवाले, तुमचा मसुदा खोटा नाही, पण तो तुम्ही कोल्हापुरात कोल्हापूरकरांनाच सांगताय. १८८३ पासून इथं गायन समाज देवल क्लब आहे. १८९५ साली शाहू महाराजांनी जयपूर घराण्याची गायकी घडवणाऱ्या अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी गवई म्हणून ठेवून घेतलं, महाराज १९२२ ला गेले त्यानंतर खाँसाहेब मुंबईला गेले. गोविंदराव टेंबे इथले, निवृत्तीबुवा सरनाईक इथले, धोंडूताई कुलकर्णी इथल्या. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली, तेही. हे सगळं प्रत्येक निवेदक दर कार्यक्रमाला म्हणतो आणि तेवढा वेळ लोक मोबाईल बघतात. पण खाँसाहेबांच्या गाण्यात असं काय होतं म्हणून केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर असली गाणारी माणसं त्या एका गायकीच्या मागं आयुष्यभर लागली, ते कुणी सांगत नाही. ते सांगा.

आणि ते सांगणं फार अवघडही नाही. जयपूरचा गवई तालाला सोडून फारसा आलाप करत बसत नाही, तबला सुरू झाला की आलापसुद्धा लयीच्या अंगानंच चालतो. बहुतेक सगळं आकारात, म्हणजे नुसत्या 'आ'वर, सा रे ग म म्हणत केलेली सरगम जवळजवळ नाही. ताना सरळ चढून सरळ उतरत नाहीत, वळणं घेत घेत जातात आणि ऐकणाऱ्याला वाटतं आता हा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसला येतोय, तेवढ्यात आलेला असतो. आणि दोन राग एकत्र केलेले जोडराग ही त्यांची खास मिजास. पत्रकात असं लिहा की बाईंनी बसंती केदार गायला तर बसंत कुठं संपतो आणि केदार कुठं लागतो ते पकडायचा प्रयत्न करा, नाही पकडता आलं तर बाई चांगल्या गायल्या असं समजा. एवढ्यानं नवखा माणूस कान टवकारून बसतो, त्याला करायला काहीतरी काम मिळतं.

राग आधी छापू मात्र नका. गाणारा त्या दिवशीचा गळा बघून, समोर कोण बसलंय ते बघून ठरवतो, कधी ग्रीनरूममध्ये तानपुरा लावता लावता बदलतो. "बहुधा" म्हणून दोन-तीन पर्याय त्यांनाच विचारून लिहा, त्याला कुणी चिडत नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि ह्यावर मी जरा लांब बोलणार. पाचही मैफली संध्याकाळी साडेसहाला ठेवल्यात ते चुकलंय असं माझं स्पष्ट मत. प्रत्येक रागाची दिवसातली वेळ ठरलेली असते, त्यामुळं साडेसहा ते साडेनऊ म्हणजे तुम्हाला मिळणार काय, तर आधी मारवा, पूरिया नाहीतर श्री, मग यमन, भूप, शुद्धकल्याण, शेवटी फार तर बिहाग, बागेश्री. चांगलेच राग आहेत, तक्रार नाही. पण ललत कधी ऐकायचा? तोड्या, देसी, खट, सगळे बिलावल, सारंग हे सकाळ-दुपारचे राग कधी? केसरबाईंच्या ललतची जुनी छोटी ध्वनिमुद्रिका किंवा मन्सूरांचे बिलावलाचे प्रकार लोक यूट्यूबवर ऐकतात आणि समोर बसून ऐकायची वेळच येत नाही, कारण सगळ्या हॉलांचे कार्यक्रम ऑफिस सुटल्यावरचे. पूर्वी बैठका रात्रभर चालायच्या त्यामुळं सगळे प्रहर आपोआप यायचे, आणि शेवटची भैरवी गायली की बाहेर उजाडलेलं असायचं. आता भैरवी रात्री साडेनऊला होते आणि लोक चपला शोधत असतात.

माझं ऐका, पाचातली एक मैफल रविवारी सकाळी आठला ठेवा आणि तीच सीझनची ओळख म्हणून पुढं करा. संध्याकाळचे कार्यक्रम सगळेच करतात.

तांबडा_पांढरा:
काका, रविवारी सकाळी आठला कोल्हापूरचा माणूस मटणाच्या रांगेत असतोय, ललत कोण ऐकणार?

आणि एकूणच सांगतो, मनाला लावून घेऊ नका, पण नुसत्या शास्त्रीयला गर्दी होत नाही. आमच्या तालमीच्या कार्यक्रमात एकदा असंच कुणाच्या तरी आग्रहानं ठेवलं होतं, पहिल्या तासाला अर्धा मांडव रिकामा. अभंग, भावगीतं, थोडं फ्यूजन घाला, मग शेवटी एखादा राग घ्या दहा मिनिटं. लोकांना काय आवडतं ते बघून करायचं असतंय.

शिवाय तारखा बघितल्या का? सीझन जानेवारी-फेब्रुवारीत चालणार म्हणजे शाहू स्टेडियमवर फुटबॉल जोरात, आमचं अर्धं पेठेतलं पब्लिक तिकडं. दहावी-बारावीच्या परीक्षा त्यातच. आणि आसपासच्या गावातनं येणाऱ्यांचा ऊस तोडणीला आलेला.

खर्जातला_सा:
मटणाचा मुद्दा मान्य. अकराला मैफल संपवू, मटण शिजायला साडेबाराची वेळ घरात कुठं चुकते. पण मला सांगा, दिवाळी पहाटला साडेपाचला हीच माणसं नवे कपडे घालून येतात का नाही? बायका रांगोळी उरकून येतात, पोरं पेंगत येतात, पण येतात. म्हणजे सकाळी उठायचं वावडं नाही, सकाळी कुणी बोलवत नाही एवढंच. गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला भल्या पहाटे जाणाऱ्या गावानं असं म्हणू नये.

मॅच दुपारी चारच्या सुमाराला असते, तुमच्या पेठेतल्या पब्लिकला सकाळ मोकळीच आहे. उलट संध्याकाळी जिंकले तर मिरवणूक आणि हरले तर भांडण, तुमचं गाणं त्यातनं कोण ऐकणार.

सूरपेटी:
मी गाणं शिकवते, क्लास घेते घरी, त्यामुळं थोडं बोलते.

अभंगाचा मुद्दा उडवून लावू नका, पण तांबडा पांढरा दादा म्हणतात तसं उलटं करू नका. लोकांना अभंग आवडतात म्हणून राग शेवटी दहा मिनिटं ठेवला की राग हा औषधाच्या गोळीसारखा होतो, गोड खाल्ल्यावर नाक दाबून घ्यायचा. तुमच्याकडं नाट्यसंगीताची मैफल आहेच शेवटी, ती पहिली आणा. कोल्हापूरला ते दार सगळ्यात जवळचं आहे. ज्या थिएटरचं तुम्ही नाव घेतलंत ते १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालं आणि ज्यांचं नाव त्याला पुढं दिलं ते केशवराव भोसले संगीत नाटकातलेच. त्यांनी आणि बालगंधर्वांनी ८ जुलै १९२१ ला मुंबईत मिळून मानापमान केलं, टिळक स्वराज्य फंडासाठी, आणि त्या मानापमानाच्या चाली आपल्या गोविंदराव टेंब्यांच्या. टेंबे स्वतः अल्लादियाखाँसाहेबांच्या गाण्यानं भारलेले. म्हणजे नाटकाचं पद आणि बैठकीतला ख्याल, म्हणजे विस्तार करत गायलेला राग, ही दोन वेगळी गावं नाहीत, मधला रस्ता इथल्याच माणसांनी घातलाय.

मग त्या मैफलीत असं करायला सांगा गायकाला, की आधी पद म्हणायचं जे सगळ्यांना येतं, मग त्याच रागातला छोटा ख्याल. माझ्या क्लासमध्ये मी यमन असाच देते. मुलांना माहीत असलेलं एखादं गाणं आधी म्हणून घेते, मग सांगते की ह्यात सगळे स्वर शुद्ध आहेत, फक्त मध्यम तीव्र, आणि वर जाताना बहुतेकदा सा आणि पंचम सोडून नि रे ग, मग मध्यमावरून ध नि असं जायचं. मुलं दोनदा म्हणतात आणि तिसऱ्यांदा टीव्हीवरच्या जाहिरातीत यमन ओळखतात. मोठी माणसं पण ओळखतील, त्यांना कुणी सांगत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. पत्रकावर तबला, पेटी आणि तानपुऱ्यावर कोण ते पण छापा, त्याच टायपात. माझे विद्यार्थी मागं तानपुऱ्याला दोन-दोन तास न हलता बसतात आणि स्टेजवर सत्काराचं नारळ देताना त्यांना वगळतात. मुख्य कलाकाराला गाडी पाठवायची आणि तबलजीला म्हणायचं एसटीनं या, हे प्रकार मी डोळ्यांनी बघितलेत, कुठं ते सांगत नाही.

हॅम्बुर्गचा_कोल्हापुरी:
मी मूळचा शिवाजी पेठेचा, सध्या जर्मनीत आहे कामामुळं, म्हणून इकडचं सांगतो, किती उपयोगी ते तुम्ही बघा.

इथं एल्बफिलहार्मोनी म्हणून हॉल आहे, ११ जानेवारी २०१७ ला सुरू झाला. सात वर्षं उशिरा आणि खर्च असा वाढला की गावात त्यावर विनोद चालायचे, म्हणजे सरकारी काम सगळीकडं सारखंच. मोठ्या हॉलात २१०० जागा आहेत, स्टेज मधे आणि खुर्च्या चारी बाजूंनी मजल्यामजल्यांवर, आणि गंमत अशी की एवढ्या जागा असून कंडक्टरपासून कुठलीही खुर्ची ३० मीटरपेक्षा लांब नाही. भिंतींना जिप्समचे सुमारे दहा हजार पॅनेल आहेत, प्रत्येक वेगळ्या कोरणीचा, आवाज सारखा पसरावा म्हणून. ते आपल्याला परवडणारं नाही, सोडून देऊ.

परवडणारं काय ते सांगतो. इकडं सीझन साधारण सप्टेंबर ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आणि सगळा कार्यक्रम वसंतातच जाहीर होतो, म्हणजे लोक कॅलेंडरवर लिहून ठेवतात. तुमच्या पत्रकात पाचही तारखा एकदम द्या, "पुढील कार्यक्रमाची तारीख लवकरच" हे लिहू नका, त्यानं पास कुणी घेत नाही. बऱ्याच मैफलींच्या आधी छोटं प्रास्ताविक असतं, बाजूच्या खोलीत, तिकीट असेल त्यानं यायचं, एक जाणकार माणूस पियानोवर दोन तुकडे वाजवून दाखवतो आणि सांगतो की आज ह्याकडं लक्ष द्या. ज्याला नको तो बाहेर कॉफी पितो. म्हणजे स्टेजवर भाषण नाही. सूरपेटी ताईंनी यमनाचं जे सांगितलं ते असं अर्धा तास आधी करता येईल, पेटी घेऊन, त्याच बसतील.

अजून एक, बर्लिनच्या फिलहार्मोनीत दुपारी जेवणाच्या वेळात फुकट छोटी मैफल असते, हॉलात नाही, बाहेरच्या लॉबीत. लोक पायऱ्यांवर, जमिनीवर बसून ऐकतात. तुमच्या फॉयरमध्ये सीझनच्या आधी एखाद्या संध्याकाळी क्लासच्या मुलांचं असं पाऊण तासाचं करा. पत्रक वाचून न येणारा माणूस भाजी घेऊन जाता जाता थांबतो.

आणि इथं दोन भागांच्या मध्ये टाळी वाजवली की लोक वळून बघतात, मी पहिल्यांदा वाजवली होती. आपल्याकडं वाह म्हणायची मुभा आहे, ते पत्रकात जरूर लिहा, की आवडलं तर मोठ्यानं दाद द्या.

मिक्सरवाला:
पत्रकाचं मला कळत नाही, साउंडचं सांगतो कारण हॉल बघता तुमचा प्रॉब्लेम तिथं होणार.

रिसेप्शनच्या हॉलात सिस्टीम डीजेसाठी लावलेली असते, बेस फुल आणि वरनं इको. त्यावर ख्याल लावला की तबल्याचा डग्गा पोटात घुमतो आणि तानपुरा गायब. तीनशे खुर्च्यांच्या हॉलाला आवाज कमीच पाहिजे, मागच्या रांगेत नीट ऐकू आलं की बास. इको बंद म्हणजे बंद, कलाकारानं मागितला तरच किंचित. तानपुऱ्याला वेगळा माइक द्या, गाणाऱ्याच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे त्याच्यासमोरच्या छोट्या स्पीकरमध्ये, तानपुरा सोडा, त्याला दुसरं काही नको असतं.

एसीचं सगळ्यात महत्त्वाचं. लोक आल्यावर एसी फुल करतात, मग काय होतं की ग्रीनरूममध्ये लावून आणलेला तानपुरा स्टेजवर पाच मिनिटांत बिघडतो. गारव्यानं तारा चढतात, वरच्या लाइटच्या उष्णतेनं उतरतात, आणि तबल्याच्या पुडीवर, म्हणजे वरच्या कातड्यावर, हवेच्या ओलाव्याचा परिणाम वेगळाच, दमट असलं की ती उतरते. मग तबलजी हातोडी घेऊन ठाकठूक करतोय आणि पब्लिक म्हणतंय सुरू का होत नाही. म्हणून एसी दीड-दोन तास आधी लावून हॉल थंड करून ठेवायचा, लाइट पण आधीच पेटवायचे, वाद्यं त्याच हवेत स्टेजवर ठेवायची आणि तिथंच लावायची. स्टेजवरच्या झोताची तोंडं फिरवा. गाणाऱ्याच्या घशावर गार हवा आली की मैफल गेली.

मोबाईलमधला तानपुरा ठेवला तरी चालतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मिरज इथनं पन्नास किलोमीटरवर आहे, तिथल्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आपण प्लास्टिकचा डबा लावायचा? हॉलचीच एक तानपुऱ्याची जोडी करून घ्या, एक गायकांसाठी काळी एकच्या (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराच्या) आसपासची आणि जमलं तर गायिकांसाठी वेगळी छोटी. जवारी, म्हणजे तारांचा झणकार, बघून घ्यायला सूरपेटी ताईंना न्या बरोबर.

कलम_पोटकलम:
दोन कोरडे मुद्दे. दहाला बंद करावंच लागेल असं कमिटीत कुणीतरी म्हणणारच, तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहाची बंदी उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकांना आहे, सभागृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्या आत वापर असेल तर ती लागू नाही. आवाज बाहेर शेजाऱ्यांना गेला तर मात्र तक्रार होणार, दारं लावा.

दुसरं, संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. पासची किंमत आणि सुटं तिकीट कसं बसवायचं ते तुमच्या सीएला आधी विचारा, नंतर नको.

रंकाळ्याचा_वारा:
एवढं सगळं वाचून मला परत माझाच प्रश्न पडला. पोरगी आणली तर चालतंय का?

सूरपेटी:
आणा की. पण कडेची खुर्ची घ्या आणि चुळबुळ सुरू झाली की दोन बंदिशींच्या मध्ये बाहेर पडा, आलाप चालू असताना नको. तबला थांबला, टाळ्या सुरू झाल्या, की उठायचं. हे पण पत्रकात लिहा, लोकांना खरंच माहीत नसतं आणि विचारायला लाजतात.

तेराव्या_गल्लीतला:
मंडळी, काल मीटिंग झाली, एवढं सगळं प्रिंट काढून घेऊन गेलो होतो. वाद झाला पण तो इतिहासावर झाला नाही, नारळावर झाला. सत्काराशिवाय कार्यक्रम कसा करायचा हा अध्यक्षांचा प्रश्न. शेवटी ठरलं की सत्कार मध्यंतरानंतर, दोन मिनिटांत, तबला-पेटी-तानपुरा सगळ्यांचा, आणि भाषण कुणाचंच नाही. माझंसुद्धा नाही, सुटलो. त्याऐवजी अर्धा तास आधी बाजूच्या खोलीत प्रास्ताविक, सूरपेटी ताई, तुम्हाला मेसेज केलाय, बघा.

नाट्यसंगीत पहिलं आणलंय. जयपूरच्या बाईंना फोन करून सकाळचं विचारलं तर त्या आधी गप्पच झाल्या, मग म्हणाल्या सकाळी गायला मला कोण बोलवतंय, नक्की येते, फक्त आदल्या दिवशी मुक्कामाला आणा. रविवार सकाळ आठ ते अकरा ठरलं. खजिनदार अजून नाराज आहेत, ते म्हणतात हॉल रिकामा दिसला तर फोटो काढू नका.

पत्रकात त्या मैफलीचं आता असं लिहिलंय:

"रविवार, सकाळी बरोबर आठ. संपायची वेळ अकरा. मध्ये पंधरा मिनिटं चहा. ललत, देसी, बिलावलाचा एखादा प्रकार, एखादी तोडी, ह्यातलं बाई त्या सकाळी ठरवतील. हे राग संध्याकाळच्या कार्यक्रमांत सहसा ऐकायला मिळत नाहीत. जयपूर घराण्याचं गाणं पहिल्यांदा ऐकत असाल तर शब्दांकडं फार लक्ष देऊ नका, तबल्याची सम कुठं येते तेवढी बोटांवर धरून बसा आणि तान तिथं कशी पोचते ते बघा. आवडलं तर वाह म्हणा. मुलं चालतील, कडेच्या खुर्च्या त्यांच्यासाठी ठेवल्यात. साडेसातला बाजूच्या खोलीत पेटी घेऊन छोटी ओळख, यायलाच पाहिजे असं नाही."

इतिहास मागच्या पानावर चार ओळी. शाहू महाराज आणि खाँसाहेब तिथं आहेत, "पावन स्मृती" काढलं. बायकोला दाखवलं, ती म्हणाली सकाळचे डबे कोण करणार. रविवारी डबे कुठले, पण मी वाद घातला नाही.

खर्जातला_सा:
उत्तम. "सम बोटांवर धरून बसा" हे चांगलं जमलंय, पण विलंबित, म्हणजे संथ, तीनताल असेल तर नवखा माणूस सोळा मात्रा मोजताना हरवेल, तेव्हा प्रास्ताविकात एकदा टाळी-खाली हातावर करून दाखवा म्हणजे झालं. आणि ललत पाहिजे असेल तर बाईंना म्हणावं आठला खरंच सुरू करा, साडेआठला लोक स्थिरस्थावर होईपर्यंत ललतची वेळ उतरणीला लागते. उशिरा येणाऱ्यांना पहिला राग संपेपर्यंत दारातच थांबवा. विश्वस्त असले तरी.

तांबडा_पांढरा:
दारात विश्वस्ताला थांबवणार? कोल्हापुरात? बघायला येतो तेवढ्यासाठी.

बरं, मस्करी सोडा. सुट्या तिकिटाचं काय ठेवलंय ते लिहा, आणि पत्रक आमच्या तालमीच्या बोर्डावर लावायला दहा-बारा द्या. पोरं वाचतील का माहीत नाही पण त्यांचे वडील वाचतात.

तेराव्या_गल्लीतला:
तिकीट ५०० च्या आत ठेवतोय, आकडा सीएशी बोलून. विद्यार्थ्यांना निम्मं. पत्रकं दसऱ्याच्या आधी छापून येतील, तालमीत मी स्वतः आणून देतो.

मिक्सरवाला:
तारीख पक्की झाली की आधी एक दिवस रिकामा हॉल द्या मला, टाळी वाजवून बघायचंय कुठं घुमतंय ते, बहुतेक मागच्या भिंतीला जाड पडदा लागंल. आणि सजावटवाल्याला आत्ताच सांगून ठेवा, तो स्टेजच्या कडेला कुंड्या मांडतो आणि दरवेळी एक तरी कुंडी माझ्या वायरीवर ठेवतो.